रंगाऱ्याची सातवी काच

रंगाऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते, आणि कारखाना सुटून सहा वर्षं झाली तरी ते उजळायचं नाव घेत नव्हते. गल्लीतली पोरं त्याला निळोबा म्हणायची. त्याला राग नव्हता. पक्क्या रंगाची याहून चांगली पाटी कुठे मिळणार, असं तो म्हणे. माणसंही तो कापडासारखीच पारखायचा: हा पक्का, हा उन्हात विटणारा, हा एकाच धुण्यात शेजारच्यालाही बिघडवणारा. समोरचा शिंपी विटणारा. घरमालक बिघडवणारा. मनातल्या या वहीत जावयाच्या नावापुढचा रकाना मात्र लग्नाला पाच वर्षं झाली तरी कोराच होता.

त्याची एक खरीखुरी वहीही होती. तीस वर्षं त्याने रंगाच्या प्रत्येक कढईत आधी बोटभर चिंधी बुडवली, वाळवली, वहीत चिकटवली आणि शेजारी लिहिलं: काय घातलं, किती वेळ ठेवलं, कसं निघालं. बिघडलेली चिंधीसुद्धा चिकटवली. बिघडलेली तर आधी, कारण चांगलं निघालेलं माणूस आपसूक लक्षात ठेवतो आणि बिघडलेलं सोयीस्कर विसरतो, हे त्याला माहीत होतं. शेवटच्या पानांवर त्याच्या बापाच्या काळ्या रंगाची कृती होती. ती बापाने फक्त त्याला सांगितली आणि त्याने कोणालाच नाही. पोटी मुलगा नव्हता, एकुलती एक लेक. मग कोळशाच्या डांबरातून काढलेले रंग कारखान्यात आले. पुडी फोडा, पाण्यात टाका, झालं. निळोबाला वहीसकट घरी बसवण्यात आलं.

जावई डॉक्टर होता. गावातल्या मोठ्या रुग्णालयात तळमजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला, चादरी ठेवायच्या एका खोलीत त्याने आपलं बस्तान मांडलं होतं. एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक. त्या यंत्राला रंगारी ‘नळी’ म्हणायचा. जंतूंमुळे ताप येतो असं कोणी म्हणालं तर शिकलेली माणसंसुद्धा मिशीत हसत, तो हा काळ. जावई मात्र दिवसचे दिवस नळीला डोळा लावून बसायचा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, दोघांचं बरं चाललं होतं तेव्हा, जावयाने सासऱ्याला एक गोष्ट सांगितली होती. असले जीव जगात सगळ्यांत आधी ज्याने पाहिले तो वैद्य नव्हता, पंडितही नव्हता. तो होता दोनशे वर्षांपूर्वीचा एक कापडवाला. कापडातले धागे मोजायला भिंग वापरता वापरता त्याला भिंगाचाच नाद लागला. स्वतः घासून एकाहून एक बारीक भिंगं केली आणि तळ्याचं पाणी पाहिलं, स्वतःच्या दातांवरचा मळ पाहिला. तिथे प्राणी पोहत होते. विद्वानांना पटेना, तेव्हा त्याने गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावून दाखवलं आणि त्यांच्या सह्या पाठवल्या. जे दिसलं ते सगळं त्याने लिहून कळवलं. आपलं सर्वांत चांगलं भिंग कसं घासायचं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

“म्हणजे धंदा मूळचा आमचा,” रंगारी म्हणाला होता. “तुम्ही डॉक्टर मंडळी मागाहून घुसलात, जावईबापू.” आणि न सांगितलेल्या भिंगाबद्दल एवढंच, की माणूस शहाणा होता.

पुढे बिनसलं ते डांबराच्या रंगावरून. जंतू काचेसारखे पारदर्शक असतात, ते दिसावेत म्हणून जावई त्यांना जांभळा रंग द्यायचा, आणि तो रंग डांबराचा. ज्या पुडीने सासऱ्याच्या पोटावर पाय दिला तीच पुडी जावयाच्या टेबलावर! तेव्हापासून रंगारी त्या खोलीचा उल्लेख ‘डांबरखाना’ असा करू लागला आणि जावई जेवताना पुस्तक वाचू लागला.

त्या सोमवारी सकाळी लेक आली ती नेहमीसारखी ओरडायला नाही. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज सकाळी येऊन बापाला न धुतलेल्या भांड्यांवरून, उघड्या खिडकीवरून, मफलरीवरून झापून जायची. त्या झापण्यावर म्हाताऱ्याचा अख्खा दिवस निघायचा. आज ती गप्प बसली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

प्रकरण असं होतं. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी जावयाला शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते, फक्त बरोबर असण्याची त्यांना फार वर्षांची सवय होती. तापाचे जंतू पाण्यात पोहतात, म्हणजे ते जिवंत आहेत, असं जावई म्हणत होता. मोठे डॉक्टर म्हणत होते की पाण्यात धुळीचे कणही थरथरतात, त्यांना आपण ताप आणणारे म्हणत नाही. पोहतात तर कशाने? पाय दिसत नाहीत, पर दिसत नाहीत. शेपटी असेल तर शुक्रवारी दाखवा. नाहीतर खोली रिकामी करा, चादरी जिन्याखाली पडून कुबट व्हायला लागल्या आहेत.

आणि खोली गेली की जावई खाणीवरच्या दवाखान्यात नोकरी धरणार होता. आगगाडीने तीन दिवस, पुढे घोडागाडीने दोन.

“तूही जाणार?” रंगाऱ्याने विचारलं. हा प्रश्न मूर्खपणाचा आहे हे तो तोंडातून निघता निघताच त्याला कळलं होतं.

“नाही, मी इथे राहून तुमच्या खिडक्या लावत बसते,” लेक म्हणाली आणि नाक ओढत निघून गेली.

मंगळवारी लेकीला बरं नव्हतं, म्हणून जावयाचा जेवणाचा डबा पोहोचवायला रंगारी स्वतः गेला. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर एका तबकात चोवीस काचपट्ट्या मांडून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर जांभळा डाग. रंगारी वाकून पाहू लागला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काठाला रंग साचलेला, मध्ये ओघळ, कुठे पापुद्रा. रंग देऊन झाला की पाणी स्वच्छ येईपर्यंत माल खंगाळायचा, हे कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि इथे एवढा शिकलेला माणूस माल तसाच टाकून गेला होता.

जावयाचं कुठेतरी भलं करावं असं त्याच्या मनात कालपासून होतंच. त्याने बाह्या सारल्या. शेजारी स्पिरिटची बाटली होती. जास्तीचा रंग काढायला कारखान्यातही हेच वापरत. त्याने प्रत्येक काच स्पिरिटमध्ये बुडवली, मग पाण्यात, पुन्हा स्पिरिटमध्ये. घासलं मात्र नाही. घासतो तो धोबी, रंगारी नव्हे. चोविसावी काच काढली तेव्हा पाणी अगदी नितळ आलं होतं आणि काचाही. जावई दारात उभा होता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, एक काच उचलून उजेडात धरली, आणि हळूच म्हणाला, “मामा, यात तीन आठवडे होते.”

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. खाली मान घालून त्याने विचारलंच, की या चोविसांतल्या किती मनासारख्या उतरल्या होत्या? जावयाने हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाला, एकही नाही. जंतू सगळ्यांवर होते, जांभळे, ठसठशीत, पण शेपटी एकालाही नव्हती.

“मग मी धुतलं काय?” रंगारी म्हणाला.

यावर मात्र जावयाचा पारा चढला. उद्यापासून डबा दरवानाकडे ठेवायचा, या खोलीत पाऊल टाकायचं नाही. रंगाऱ्याने विचारलं, या काचांवर ते जीव अजून चिकटलेले आहेत का? असतील, जावई म्हणाला, आधी दिव्यावर तापवून पक्के केलेले होते, मेलेले आहेत, घेऊन जा आणि आडात टाका.

रंगाऱ्याने बारा काचा रुमालात बांधल्या. आडाकडे काही तो गेला नाही.

वाटभर तो स्वतःशी बडबडत होता. अंगाला रंग लागतो आणि शेपटीला लागत नाही, याचा अर्थ शेपटी नाही असा फक्त डॉक्टर काढेल. रंगारी म्हणेल, धागा बारीक आहे आणि हट्टी आहे. असे धागे त्याने आयुष्यभर पाहिले होते. त्यांना थेट रंगात टाकलं की ते कोरडेच बाहेर येतात. त्यांना आधी तुरट पाणी पाजावं लागतं: माजूफळाच्या गाठींचा काढा, हिराकस नावाचं लोखंडी मीठ, कधी तुरटी. ते पाणी धाग्यावर साय धरतं, धागा जरा जाड होतो, आणि मग रंग त्या सायीला असा पकडतो की सोडवता सोडवत नाही. पुडीच्या रंगांना यातलं काही लागत नाही म्हणून तर त्याला घरी बसवलं होतं!

बुधवारी सकाळी परसात चूल पेटली. माजूफळं कुटली, उकळली, गाळली. वहीत नवं पान काढून त्याने एक ते बारा आकडे घातले आणि प्रत्येक काचेला वेगळी वागणूक दिली. पहिलीला नुसती तुरटी. दुसरीला नुसतं माजूफळ. तिसरीला हिराकस जास्त, चौथीला कमी. पाचवी थंड, सहावी उकळत्या पाण्यात. सातवीला बापाच्या काळ्या रंगाचं मिश्रण, वाफेवर धरून: वाफ निघावी, पण बुडबुडा येऊ नये. माजूफळाचं पाणी किती दाट हवं ते तो काच बुडवण्याआधी थेंबभर जिभेवर टाकून ठरवत होता. शेवटी सगळ्यांना जांभळा रंग. होय, डांबराचाच. पुडी आणायला तो स्वतः दुकानात गेला आणि दुकानदाराने ओळखू नये म्हणून मफलर नाकावर ओढून घेतली. निळे हात मात्र गल्ल्यावर ठेवले होते. दुकानदाराने त्या हातांकडे पाहिलं आणि पुडी दोनदा बांधली.

बारा काचा वाळल्या. आता नळीशिवाय पुढचं कळणार नव्हतं, आणि नळीच्या खोलीत जायला बंदी.

हे काम लेकीने केलं. गुरुवारी दुपारी ती स्वतः डबा घेऊन गेली, रुमालातल्या काचा टेबलावर मांडल्या आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसली. जावयाने विचारलं हे काय. ती म्हणाली, आधी बारा काचा, मग जेवण. तो म्हणाला, भूक नाही. ती म्हणाली, मग तर वेळच वेळ आहे.

रंगारी घरी ओट्यावर बसून नखं कुरतडत होता. तास झाला. मग गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी पळत येताना दिसलं. डोक्यावर टोपी नाही, एका पायातली वहाण हातात, अंगातला पांढरा डगला मागे फडफडतोय. शिंपी दुकानातून बाहेर आला, पोरं खेळ थांबवून पाहू लागली. हा तर आपला जावई! हा माणूस रस्त्यात कधी भरभर चालतानाही दिसला नव्हता. लेकीलाच काही झालं, असं म्हाताऱ्याला वाटलं आणि तो ओट्याच्या कडेशी सरकला.

जावई ओट्याशी येऊन वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास पुरेना. “सातवी,” तो म्हणाला. “मामा, सातवीला काय केलंत?”

रंगाऱ्याने वही आणली. पान उघडलं आणि तिथेच थांबला. हा काळा रंग त्याच्या बापाने मरायच्या आधी, दार लावून घेऊन, कानात सांगितला होता. त्यानंतर तो मोठ्याने कोणीच उच्चारला नव्हता. क्षणभर त्याला तो भिंगवाला आठवला. शहाणा माणूस! पण त्याला लेक होती की नाही, आणि ती पाच दिवसांच्या अंतरावर निघाली होती की नाही, कोण जाणे. रंगाऱ्याने घसा खाकरला आणि ओट्यावर बसून, शिंप्यासमोर, पोरांसमोर, खणखणीत आवाजात सगळं वाचलं. माजूफळ किती, हिराकस किती, तुरटीची चिमूट किती, वाफ किती वेळ.

“आणि दाटपणा?” जावयाने विचारलं.

“जिभेला कळतं.”

जावयाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्या दिवशी तो कशालाच नाही म्हणणार नव्हता. त्याने सासऱ्याचा निळा हात धरला आणि दोघं निघाले. म्हणजे जावई निघाला आणि सासरा ओढला गेला. दरवानाने डबा इथे ठेवा म्हणून हात पुढे केला तो तसाच राहिला.

नळीत पाहायची रंगाऱ्याची ही पहिलीच वेळ. आधी त्याला स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग जावयाने खांद्याला धरून बसवलं, एक चाकी किंचित फिरवली, आणि उजेडाच्या गोल ताटलीत जांभळ्या काड्या पसरलेल्या दिसल्या. जाड, आखूड. आणि प्रत्येक काडीला चहूबाजूंनी नागमोडी धागे फुटलेले, शालीच्या काठाला दशा असतात तसे. इतके बारीक सूत त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्याने स्वतः रंगवलं होतं.

तो डोळा काढेना, तेव्हा लेकीने घाबरून विचारलं, “बाबा, दिसतंय ना?”

“थांब,” तो म्हणाला. “मोजतोय. आठ. नाही, नऊ.”

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून तापाच्या एका नव्या रोग्याचे जंतू घेऊन आणखी सहा काचा केल्या. पहिल्या दोन बिघडल्या. जावई त्या फेकायला निघाला तर रंगाऱ्याने हातातून काढून घेतल्या आणि कशाने बिघडल्या ते लिहायला लावलं: पाणी नळाचं होतं, उकळून गार केलेलं हवं. पुढच्या चारही उतरल्या. जिभेचा दाटपणा जावयाने थेंब मोजून वजनात बसवला आणि सासऱ्याने चाखून तो मंजूर केला.

शुक्रवारी सकाळी मोठे डॉक्टर आले. सोबत चादरींची गठडी घेऊन दोन नोकर होते, ते बाहेर थांबले. रंगारी रिकामा डबा हातात धरून दाराच्या कोपऱ्यात उभा होता. डब्याचं निमित्त अजून चालू होतं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नळीला डोळा लावला. एक काच पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी जरा जास्तच वेळ पाहिली.

मग सरळ होऊन ते म्हणाले, सुंदर आहे. पण ही शेपटी जंतूची कशावरून? रंगाचा गाळ असाच तंतू तंतू होऊन बसतो. तुम्ही इतकं काहीबाही ओतलंय यावर, की कशालाही दशा फुटतील.

जावयाने बसून स्वतः पुन्हा नळीत पाहिलं. हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता. तीन आठवड्यांनी जी गोष्ट दिसली ती दिसल्याच्या आनंदात तो तिच्याशी भांडायचं विसरून गेला होता. बाहेर एका नोकराने गठडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“दोन सुतं एका कढईत टाका,” कोपऱ्यातून आवाज आला.

मोठे डॉक्टर वळले. हे कोण, त्यांनी विचारलं.

जावई उभा राहिला. “माझे सासरे. रंगारी आहेत. हा रंग त्यांचा आहे.”

रंगाऱ्याचे कान लाल झाले, जे निळ्या हातांवर फार खुलून दिसत होतं. पण आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात कढईत घाण आहे अशी शंका आली, तो सांगू लागला, की आम्ही एक रंग धरणारं सूत आणि एक न धरणारं सूत एकत्र बुडवतो. घाण असेल तर दोन्हींवर बसेल, घाण काही सूत ओळखत नाही. तुमच्याकडे न पोहणारा जंतू नाही का? तो आणि हा एकाच काचेवर लावा, एकच पाणी, एकच रंग. आणि आमच्या हातांवर विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः करा.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि कोट काढला. या माणसाची नोंद रंगाऱ्याने मनात तिथल्या तिथे करून टाकली: रंग गडद, पण पक्का.

न पोहणारे गोल जंतू पुवात असतात. ते सापडायला लांब जावं लागलं नाही. दरवानाच्या मानेवर आठवडाभर एक फोड ठसठसत होता. विज्ञानासाठी तो द्यायला दरवान मुळीच तयार नव्हता. लेकीने त्याला लाडीगोडी लावून बोलत बोलत आत आणलं आणि मोठ्या डॉक्टरांनी तो स्वतः फोडला. दरवान नंतर म्हणाला, बरंच हलकं वाटतंय. काचेवर पू आणि तापाचे जंतू शेजारी शेजारी लागले. मोठे डॉक्टर काच वाफेवर धरत होते आणि रंगारी त्यांना मागून सांगत होता: अजून वर. बुडबुडा नको. आता काढा. खंगाळा, पाणी नितळ येऊ द्या. घासू नका! एवढ्या वर्षांत या माणसाला कोणी असं दरडावलं नसावं, पण ते निमूट ऐकत होते. माणूस हाताने काही करत असला की त्याचा मोठेपणा जरा बाजूला बसतो.

काच नळीखाली गेली. खोलीत दिव्याची फरफर तेवढी ऐकू येत होती. लेकीने बापाचा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती.

मोठे डॉक्टर डोळा न काढता बोलले. “गोल आहेत. घोस आहेत, द्राक्षांसारखे. बोडके.” मग काच जराशी सरकली. “काड्या. दशा.” पुन्हा सरकली. “बोडके. दशा. अगदी शेजारी शेजारी आहेत हो. हा बोडका त्याच्या अंगाला टेकलाय आणि एक तंतू नाही त्याला!” शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज असा चढला की बाहेरचे नोकर आत डोकावले.

ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा कपाळावरचा चष्मा खोलीभर शोधत राहिले, आणि लेकीने तो दाखवून दिल्यावर नोकरांकडे वळून म्हणाले, इथे कशाला उभे आहात, चादरी माझ्या खोलीत न्या, कपाटावर जागा आहे.

लेकीने दंड सोडला. वळून तिने खिडकी लावून घेतली, कारण बापाच्या मानेवर वारा येत होता आणि मफलर आज पुन्हा घरी राहिली होती. त्याबद्दल उद्या सकाळी काय काय ऐकावं लागेल याचा रंगाऱ्याने मनात अंदाज बांधला आणि त्याला भरून आलं.

कोट चढवत चढवत मोठे डॉक्टर दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी आवाज उतरवला, जणू ही गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये. खोकल्याचा एक रोग आहे, ते म्हणाले, पोरगी असो की पहिलवान, सगळ्यांना वाळवून नेतो. त्याचा जंतू असावा असा मला संशय आहे. मी वर माझ्या खोलीत दोन वर्षं दार लावून पाहतोय. तो कुठलाच रंग घेत नाही.

जावई थक्क होऊन पाहत राहिला. जंतूंवर हसणारा माणूस दोन वर्षं दार लावून जंतू शोधत होता.

रंगाऱ्याने डबा खाली ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून तो टेबलाशी बसला, काखेतली वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर आकडा घातला: एक.

“किती तापवलंत?” त्याने विचारलं. “आणि बिघडलेल्या काचा ठेवल्यात की टाकल्यात?”